वस्तादाविना आखाडा

डिसेंबर २०१८ मध्ये जालन्याच्या आझाद मैदानावर महाराष्ट्र केसरीचा आखाडा भरला होता. मातीवरून आलेला बाला रफिक शेख आणि गादीवरून आलेला अभिजित कटके अंतिम लढतीत समोरासमोर उभे राहिले. बुलडाण्याकडून उतरलेल्या बालानं पुण्याच्या कटकेला ११–३ अशा गुणांनी हरवलं आणि चांदीची गदा खांद्यावर घेतली. जालन्यात ते दिवस सणासारखे गेले. फेटे, हलग्या, दाबून भरलेलं मैदान, आणि आपल्या गावातलाही एखादा पोरगा उद्या इथं उतरेल ही मनातली आशा.

पैलवान कसा घडतो हे आपल्याकडच्या कुठल्याही गावाला विचारा. पोरगं अंगानं बरं दिसलं की कुणीतरी त्याला तालमीत नेऊन सोडतं. वस्ताद त्याला आधी माती खणायला लावतो, मग जोर-बैठका, मग डाव. घरची म्हैस त्याच्या नावानं राखली जाते. जत्रेत नारळावरची कुस्ती, पुढं शंभराची, हजाराची, मग तालुका, जिल्हा, निवड चाचणी. पोरगं हरलं तर कुठं चुकलं ते सांगणारे दहा जण असतात, जिंकलं तर खांद्यावर घेणारं गाव असतं. या वाटेवर पैसा कमी आहे, अन्यायही आहे, पण वाट आहे आणि ती सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याच हिवाळ्यात जिल्ह्यातल्या पोरांच्या हातात दुसरा एक आखाडा येऊन नऊ महिने झाले होते. पबजी मोबाइल हा खेळ मार्च २०१८ मध्ये जगभर खुला झाला. ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसानं रचलेला मूळ खेळ आदल्या वर्षी संगणकावर आला होता, आणि कोरियन कंपनीचा तो खेळ टेन्सेंट या चिनी कंपनीनं फोनमध्ये बसवला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यापासून डेटा स्वस्त झाला होता, दहा-बारा हजारांचा फोन घरोघर पोचला होता. संगणक किंवा सायबर कॅफेची गरजच उरली नव्हती. मुंबई-पुण्यात काउंटर-स्ट्राइक या संगणकावरच्या बंदुकीच्या खेळावर वाढलेली एक पिढी आधीपासून होती, पण तिला ताशी पैसे मोजावे लागत. मराठवाड्यातल्या पोराला संगणकावर खेळण्याचा टप्पा कधी लाभलाच नाही. त्याचा स्पर्धात्मक खेळ थेट खिशातल्या फोनपासून सुरू झाला.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी तो थोडा खोलात सांगायला हवा, कारण ‘पोरं मोबाइलवर गोळ्या झाडत बसतात’ एवढ्यावर बहुतेक घरांतली चर्चा संपते. विमानातून शंभर खेळाडू एका बेटावर उडी घेतात. एरँगेल हा सगळ्यांत जुना नकाशा, आठ किलोमीटर लांब आणि आठ किलोमीटर रुंद. खाली उतरल्यावर हातात काहीच नसतं. घराघरांत शिरून बंदूक, गोळ्या, हेल्मेट, औषधपाणी गोळा करायचं, याला पोरं ‘लूट’ म्हणतात. बेटावर एक वर्तुळ आखलेलं असतं आणि ते दर काही मिनिटांनी लहान होत जातं. वर्तुळाबाहेर राहिलेला हळूहळू मरतो. शेवटी एवढ्याशा जागेत उरलेल्यांना एकमेकांना भिडावंच लागतं. जो संघ शेवटपर्यंत टिकतो तो जिंकला. साधारण अर्ध्या तासाचा डाव.

स्पर्धेत मात्र शंभर सुटे खेळाडू नसतात, चौघांचे सोळा संघ असतात. दिवसाला पाच-सहा डाव, चार-चार दिवस. डाव जिंकल्याचे गुण वेगळे, टिपलेल्या प्रत्येक गड्याचा गुण वेगळा. अलीकडच्या जागतिक स्पर्धांत पहिल्या क्रमांकाला १० गुण, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ५, असं उतरत आठव्यापर्यंत, आणि प्रत्येक बळीला १. त्यामुळे नुसता नेमबाज संघ जिंकत नाही, आणि नुसता लपून बसणारा संघही जिंकत नाही. पुढचं वर्तुळ कुठं पडेल याचा अंदाज घेऊन टेकडी कोणती धरायची, गाडी कुठं सोडायची, दोन संघ एकमेकांत अडकलेत तर त्यांच्यावर तिसरा घाव घालायचा की गप्प पुढं सरकायचं, हे सगळं ठरवणारा एक जण संघात असतो. त्याला ‘आयजीएल’ म्हणतात. बाकी तिघं त्याच्या शब्दावर चालतात. एक पुढं घुसणारा, एक लांबून टिपणारा, एक पडलेल्याला उठवणारा. कानाला लावलेल्या हेडफोनमधून येणारी पावलांची चाहूल, सहकाऱ्याचा अर्धा शब्द, आणि सेकंदाच्या आत निर्णय. नवखा पोरगा दोन अंगठ्यांनी खेळतो. मुरलेला गडी फोन असा धरतो की चार बोटं एकाच वेळी पडद्यावर चालतात, आणि नेम धरताना फोनच किंचित तिरपा करून जायरोनं, म्हणजे फोनचा कल ओळखणाऱ्या सेन्सरनं, बंदुकीचा झटका आवरतो. मनगटाची ही सवय अंगी यायला महिने जातात.

जालन्यात भोकरदन नाक्यावर, अंबड चौफुलीजवळ, गांधी चमनच्या कट्ट्यावर चार पोरं माना खाली घालून बसलेली दिसली की ती एकमेकांशी बोलत नाहीत असं वाटतं. जवळ जाऊन ऐकलं तर ती अखंड बोलत असतात. ‘नॉक झालो’, ‘रिव्हाइव्ह दे’, ‘झोन आला, गाडी काढ’, ‘उजवीकडच्या झाडामागं एक’. जालन्याची हिंदी-मराठी सरमिसळ या बोलण्यात जशीच्या तशी उतरली आहे. चौघांत दोन मोहल्ल्यांतली, दोन जातींतली पोरं सहज असतात. शेतात रात्रीची वीज आली की मोटार चालू करायला गेलेला पोरगा बांधावर बसून डाव टाकतो. स्टील कारखान्यातली पाळी संपवून आलेला कामगार खोलीवर खेळतो. माझ्या मते एवढं शिस्तीचं सामूहिक बोलणं पोरांना शाळेतल्या कुठल्याही तासानं शिकवलेलं नाही. हे कौतुक मी मनापासून करतो.

मार्च २०१९ मध्ये हैदराबादला पबजी मोबाइल इंडिया सीरिजची अंतिम फेरी झाली. एकूण बक्षीस एक कोटी रुपये. ती टीम सोल या संघानं जिंकली. संघाचा चेहरा होता मुंबईचा नमन माथूर, खेळातलं नाव मॉर्टल. त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस बर्लिनमध्ये पबजी मोबाइल क्लब ओपनच्या पहिल्या हंगामाची जागतिक अंतिम फेरी झाली. वर्षभराच्या त्या मालिकेची एकूण रक्कम २५ लाख डॉलर होती. टीम सोल तिथं भारताकडून उतरली. विजेतेपद चीनच्या टॉप ईस्पोर्ट्सला गेलं, सोल बारावी आली. गुणांच्या तक्त्यात बारावं म्हणजे काहीच नाही. पण इकडं रात्री जागून यूट्यूबवर तो सामना पाहणाऱ्या लाखो पोरांना पहिल्यांदा कळलं की आपण जे कट्ट्यावर खेळतो त्याची जगज्जेतेपदाची लढत असते, तिला समालोचक असतात, प्रेक्षागृह असतं, आणि तिथं आपल्यातला एक जण बसलेला असतो.

याच सुमारास आदित्य सावंत हे नाव घराघरांत गेलं, पण ‘डायनॅमो’ या नावानं. मुंबईचा हा मराठी पोरगा थेट प्रक्षेपण करायचा आणि त्याचं ‘पट्ट से हेडशॉट’ गल्लीतल्या शेंबड्या पोरांच्याही तोंडी बसलं होतं. चेतन चांदगुडे, म्हणजे क्रॉन्टेन, यानं गॉडलाइक हा संघ उभा केला, जो पुढं देशातल्या मोठ्या संघांत गणला गेला. अभिजित अंधारे, खेळातलं नाव घातक, हा नावाजलेल्या संघांचा प्रशिक्षक झाला. सावंत, चांदगुडे, अंधारे ही आपल्याच शाळांच्या हजेरीपटावरची आडनावं आहेत. मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडा पानांना मात्र त्यांची दखल फार उशिरा घ्यावीशी वाटली.

दखल घेतली ती दुसऱ्या बाजूची. त्याच मार्च २०१९ मध्ये हिंगोलीजवळ रुळांवर पबजी खेळत बसलेले दोन तरुण रेल्वेखाली सापडून गेले. हिंगोली म्हणजे आपल्या मराठवाड्यातलीच. ती बातमी वाचून जालन्यातल्या किती आयांनी त्या दिवशी फोन हिसकावून घेतले असतील. त्याच महिन्यात गुजरातमध्ये राजकोट पोलिसांनी खेळावर बंदी घालून काही तरुणांना अटकही केली. मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनं आजारांची जी नवी यादी मंजूर केली, तीत खेळण्याचं अनावर व्यसन हा आजार म्हणून नोंदवला गेला. यातलं काहीही खोटं नव्हतं. रात्ररात्र जागणारी, चिडचिडी झालेली, दहावीला आपटलेली पोरं आपण पाहिली आहेत, आणि त्यांच्या आईबापांच्या काळजीला हसणाऱ्याशी माझं जमत नाही. पण बर्लिनला बसलेला चौघांचा संघ आणि रुळावर बसलेली दोन पोरं यांच्यामध्ये नेमकं काय होतं, हा प्रश्न त्या वेळी कुणी विचारला नाही. माझं उत्तर साधं आहे. बर्लिनच्या पोरांपाशी कधी खेळायचं, किती खेळायचं आणि कधी उठायचं हे ठरवणारी रचना होती. रुळावरच्या पोरांपाशी कुणीच नव्हतं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ऑनलाइन तासांसाठी ज्या घरात फोन नव्हता तिथंही कर्ज काढून फोन आला. खेळणाऱ्यांची संख्या फुगली. त्या जुलै-ऑगस्टमध्ये पबजी मोबाइल वर्ल्ड लीगच्या पूर्व विभागात ऑरेंज रॉक हा भारतीय संघ दुसरा आला. हरमनदीप सिंग ऊर्फ मावी आणि तन्मय सिंग ऊर्फ स्काउट हे त्याचे मोहरे. इंडोनेशियाचा बिगट्रॉन तेवढा त्यांच्या पुढं राहिला. बारावरून दोनवर, एका वर्षात. त्या खेळात भारत आता जगज्जेतेपदाच्या दारात उभा होता.

ती स्पर्धा ९ ऑगस्टला संपली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारनं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली ११८ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होतं. चीनच्या सीमेवर गलवानमध्ये जवान गेले होते, देशाचा राग खरा होता, आणि त्या निर्णयाच्या कारणांबद्दल मला वाद घालायचा नाही. मला सांगायचंय ते त्यानंतरच्या दहा महिन्यांबद्दल. मोठ्या संघांच्या खेळाडूंना पगार होते, यूट्यूबचे प्रेक्षक होते, ते दुसऱ्या खेळांकडे वळले. खेड्यातला पोरगा तिथंच थांबला. या खेळात मनगट आणि डोळा सोळा ते बावीस या वयात सगळ्यांत तल्लख असतो, असं खेळाडूच मानतात. दहा महिने म्हणजे त्या वयाचा केवढा तुकडा! कुस्तीत लाल मातीवर कुणी बंदी घालू शकत नाही. इथं आखाडाच एका कंपनीच्या मालकीचा, आणि तो एका संध्याकाळी नाहीसा होऊ शकतो.

क्राफ्टन या कोरियन कंपनीनं २ जुलै २०२१ रोजी तोच खेळ बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजे बीजीएमआय, या नावानं खास भारतासाठी आणला. रक्ताचा लाल रंग बदलला, अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली, खर्चावरही मर्यादा आली. लोक अजून पबजीच म्हणतात. स्पर्धा पुन्हा सुरू झाल्या, आणि देशपातळीवरच्या पहिल्या मोठ्या मालिकेचं दार सगळ्यांना उघडं होतं. खेळातच नाव नोंदवायचं, चौघं जमवायचे आणि पात्रता फेरीत उतरायचं. जानेवारी २०२२ मध्ये ती मालिका स्कायलाइट्झ या फारसं नाव नसलेल्या संघानं जिंकून दाखवली. जून-जुलै २०२२ मध्ये तर एक स्पर्धा स्टार स्पोर्ट्सवर रोज दाखवली गेली. कबड्डी जिथं दिसते त्याच वाहिनीवर, घरच्या टीव्हीवर, बापाच्या समोर. मुंबईच्या ग्लोबल ईस्पोर्ट्सनं ती जिंकली. त्या जुलैमध्येच नोंदणी झालेल्या खेळाडूंचा आकडा दहा कोटींवर गेल्याचं क्राफ्टननं जाहीर केलं.

२८ जुलै २०२२ ला खेळ पुन्हा गुगल आणि ॲपलच्या दुकानांतून उतरवला गेला. आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात टीम सोल सौदी अरेबियात रियाधच्या जागतिक निमंत्रित स्पर्धेत भारताकडून खेळली. ज्या खेळात तिरंगा घेऊन चौघं मंचावर बसले होते, तो खेळ त्या दिवशी देशात नव्यानं फोनवर घेता येत नव्हता. कुठल्याही खेळाडूला याहून चमत्कारिक अवस्थेत उतरावं लागलं असेल असं मला वाटत नाही. पुढं मे २०२३ च्या अखेरीस खेळ परत आला, मोठ्यांनाही दिवसाला सहा तासांची मर्यादा घेऊन.

या मधल्या काळात जग पुढं गेलं. पबजी मोबाइलचं ग्लोबल चॅम्पियनशिप हे वर्षअखेरचं जगज्जेतेपद पहिली दोन वर्षं चीनच्या नोव्हानं, मग जकार्तात तुर्कस्तानच्या एस-टू-जीनं, २०२३ मध्ये इस्तंबूलला मंगोलियाच्या आयएचसीनं आणि २०२४ मध्ये लंडनला कोरियाच्या डीप्लस किआनं नेलं. यातलं मंगोलियाचं नाव पुन्हा वाचा. सगळा देश मिळून पस्तीस लाख माणसांचा. जालना जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेएकोणीस लाख होती. गवताळ पठारावरचा एवढासा देश जगज्जेता होतो तेव्हा लोकसंख्या, समुद्रकिनारा, महानगर हे बहाणे उरत नाहीत.

मग जालन्याचा पोरगा कुठं अडतो? आधी विजेवर आणि जोडणीवर. खेळात ‘पिंग’ म्हणतात ती म्हणजे तुमच्या बोटाच्या हालचालीची खबर सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. वीस-तीस मिलिसेकंद असेल तर बोट दाबताच गोळी सुटते. शंभराच्या वर गेला की समोरचा तुम्हाला दिसायच्या आधी त्यानं तुम्हाला टिपलेलं असतं. शहरातल्या फायबरवर बसलेला आणि मंठा तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर टॉवरचे दोन दांडे शोधत गच्चीवर चढलेला, हे दोघं पात्रता फेरीत एकाच तक्त्यात येतात. सगळे एका छताखाली, एकाच जोडणीवर खेळतात ती फेरी शेवटची. तिथवर पोचण्याआधीच खेडं गळतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या काळात जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत इंटरनेट बंद ठेवलं गेलं. कापसाचे भाव बघणाऱ्यापासून ऑनलाइन अर्ज भरणाऱ्यापर्यंत सगळे थांबले, ही खेळणारी पोरंही थांबली. त्यांची गैरसोय कुणी मोजण्याचं कारण नव्हतं, पण ती झाली.

फोनचाही प्रश्न आहे. सेकंदाला साठ किंवा नव्वद चित्रं न अडखळता दाखवणारा फोन आणि डावाच्या मध्यावर तापून धापा टाकणारा फोन यांत फरक पडतो. पण मला विचाराल तर याहून मोठी अडचण माणसांची आहे. वस्ताद नाही.

व्यावसायिक संघात प्रशिक्षक असतो, विरोधी संघांच्या जुन्या डावांचा अभ्यास करणारा विश्लेषक असतो. सगळे एका घरात राहतात, त्याला बूटकॅम्प म्हणतात. ठरलेल्या वेळी दुसऱ्या नामांकित संघांशी सरावाचे डाव होतात, मग ते डाव परत लावून कुठं चुकलं ते पाहिलं जातं. झोप, डोळे, मनगट यांची निगा असते. गावातल्या पोराकडं यातलं काय आहे? यूट्यूब आहे, आणि कस्टम रूम आहे. व्हॉट्सॲपच्या गटावर रूमचा क्रमांक आणि पासवर्ड येतो, संघामागं पन्नास-शंभर रुपये जमा होतात, जिंकणाऱ्याला त्यातलं बक्षीस. शिवजयंतीला, गणपतीत, कॉलेजच्या संमेलनात अशा स्पर्धा होतात. त्या जत्रेतल्या कुस्तीची जागा घेऊ शकल्या असत्या. पण जत्रेच्या आखाड्यात पंच असतो, गावाची नजर असते. इथं पैसे घेऊन रूम बंद करणारेही भेटतात, आणि फसवणुकीचं सॉफ्टवेअर वापरून भिंतीपलीकडचा गडी पाहणारेही.

त्या फसवणुकीचा शेवट कुठं होतो हे भारतीय खेळाडूंनी एकदा शांघायमध्ये पाहिलं आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये काउंटर-स्ट्राइकच्या आशियाई स्पर्धेत ऑप्टिक इंडिया या संघातल्या एका खेळाडूच्या संगणकावर, चालू सामन्यात, नेम आपोआप धरणारं सॉफ्टवेअर सापडलं. पंच जवळ आल्यावर तो ते पुसून टाकायची धडपड करत होता, हे दृश्य जगभर पाहिलं गेलं. संघ बाद झाला, काही तासांत बरखास्तही झाला. त्याच्याबरोबरच्या चौघांनी काही केलं नव्हतं. तेही गेले. कुठल्या तरी तालमीत, पहिल्याच वर्षी, कुणीतरी त्या पोराचा कान धरला असता तर, असं मला आजही वाटतं.

आणि आता पैसे लावण्याचा मुद्दा कायद्यातही आला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायचे रमीसारखे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला मान्य खेळ म्हणून वेगळी जागा. कौशल्यावर निकाल, ठरलेले नियम, पैज नाही. प्रवेश शुल्क चालेल, कामगिरीवर बक्षीसही चालेल. हा भेद फार मोलाचा आहे, कारण आपल्याकडं आजवर बापाच्या नजरेत दोन्ही एकच होते. रमीच्या ॲपवर शेत गहाण पडलेलं घर आणि चौघांच्या संघात आयजीएल म्हणून डोकं चालवणारा पोरगा, दोघांवर एकच शिक्का. शिक्का आता कायद्यानं पुसला. पण त्याच कायद्याच्या कसोटीवर सगळ्यांचे पैसे एका डब्यात टाकून जिंकणाऱ्याला वाटणारी गल्लीतली कस्टम रूमही तपासावी लागेल. आयोजकांनी हे वेळीच समजून घेतलेलं बरं.

डिसेंबर २०२२ मध्येच ई-स्पोर्ट्स हा विषय केंद्राच्या युवक कल्याण आणि क्रीडा मंत्रालयाकडं दिला गेला होता. म्हणजे जिल्हा पातळीवर त्याचं घर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याचं कार्यालय. तिथं कुस्ती, कबड्डी, खो-खो, तलवारबाजीपर्यंतच्या शालेय स्पर्धांची पत्रकं निघतात. एक पत्रक या खेळाचंही निघावं. क्रीडा संकुलातल्या एका खोलीत चांगली फायबर जोडणी, इन्व्हर्टर, चार-आठ बरे फोन, आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी एक जाणता माणूस, एवढ्यानं सुरुवात होते. एखाद्या लहानशा पुलाच्या खर्चात हे सगळ्या तालुक्यांत होईल. तो जाणता माणूस कोण? बंदीच्या वर्षांत ज्यांचं वय निघून गेलं ती आज चोवीस-पंचवीस वर्षांची झालेली पोरं. ती पतसंस्थेत, दुकानात, एमआयडीसीत कामाला लागली आहेत. खेळ त्यांना तळहातासारखा माहीत आहे आणि खेळाच्या नादात काय गमावलं तेही माहीत आहे. वस्ताद असाच माणूस होतो. तो पोराला दोन तासांनी उठवेल, दहावीच्या वर्षी बंद ठेवायला लावेल, फसवणुकीचं सॉफ्टवेअर सापडलं तर हाकलून देईल, आणि खरंच हात चांगला असलेल्या एखाद्याच्या घरी जाऊन बापाशी बोलेल. हे बोलणं सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत गरजेचं. शंभरातल्या नव्याण्णवांना हे सांगावं लागेल की गड्या, तू खेळ, पण यावर पोट भरणार नाही. तालमीतही नव्याण्णवांना तेच सांगतात.

पोरींबद्दल बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही. खेड्यात पोरीच्या हातात स्वतःचा फोन असणं हीच मोठी गोष्ट, कट्ट्यावर बसून खेळणं तर दूर. छिंदवाड्याची पायल धारे, विदर्भाच्या सीमेला लागून असलेल्या जिल्ह्यातली, आज देशातल्या आघाडीच्या खेळ-प्रसारकांत आहे. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ज्या सात जणांना या क्षेत्रातले प्रतिनिधी म्हणून भेटायला बोलावलं, त्यांत नमन माथूर, मुंबईचा मिथिलेश पाटणकर यांच्याबरोबर ती एकटीच मुलगी होती. या खेळात वजनगट नाही, उंची नाही, ताकद नाही. मुलगा-मुलगी एका संघात बसू शकतात असे खेळ फार थोडे आहेत. क्रीडा संकुलातली खोली हवी ती याहीसाठी: कट्ट्यावर ती बसू शकत नाही, तिथं बसू शकेल.

बंदुकीचा खेळ पोरांना का शिकवायचा, हा आक्षेप मी हलका मानत नाही. आशियाई खेळांच्या संयोजकांनीही मानला नाही. २०२३ च्या शरद ऋतूत हांगझोऊला या खेळाला पदकाचा दर्जा मिळाला तेव्हा त्याची वेगळी आवृत्ती केली गेली. तीत माणसांवर गोळी झाडायची नव्हती. चौघांचे संघ गाडीनं, पायी, ठरलेल्या मार्गानं धावत आणि वाटेतली निशाणं टिपत. नेम, वेग, आपसातला ताळमेळ हे सगळं शाबूत. चीननं सुवर्ण नेलं. भारताचा संघ त्या प्रकारात नव्हता. सप्टेंबर २०२६ मध्ये जपानच्या आइची-नागोयात होणाऱ्या आशियाई खेळांत पबजी मोबाइल पुन्हा आहे. शाळेत आणायचा तर हीच निशाणांची आवृत्ती आणावी, मुख्याध्यापकांचाही जीव खाली पडेल.

जगाच्या बाजारात उतरणं जालन्याला नवं नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको ही बियाण्यांची कंपनी काढली. संकरित बियाणं शेतकऱ्याच्या दारात नेणारा हा माणूस १९९८ मध्ये वर्ल्ड फूड प्राइझपर्यंत पोचला. इथल्या स्टीलच्या सळया महाराष्ट्रभरच्या इमारतींत आहेत. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईची वंदे भारत जालन्याहून सुरू झाली. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, आणि त्याच बागायतदारांनी पुन्हा बागा लावल्या. ज्या जिल्ह्यानं बियाणं पारखायला शिकवलं, त्याला आपली पोरं पारखता येऊ नयेत असं काही कारण नाही.

पुढचा हंगाम लांब नाही. पात्रता फेरीची नोंदणी फोनवरच उघडते, जालन्याच्या चौघांनाही आणि मुंबईच्या चौघांनाही. जिल्हा क्रीडा कार्यालयानं, एखाद्या महाविद्यालयाच्या जिमखान्यानं किंवा एखाद्या गणेश मंडळानं त्याआधी दोन महिने तालुक्यांच्या आठ निवड स्पर्धा घ्याव्यात, प्रवेश शुल्काविना, पंच बसवून, सगळ्यांना एकाच जोडणीवर. त्यातून निघालेल्या दोन संघांना त्या खोलीची किल्ली द्यावी आणि किल्लीबरोबर एक वस्ताद.